तपासणीला यायचं तर संध्याकाळी सातनंतर या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या ठाणे पुरवणीत गेल्या आठवड्यात एक फोटो आला होता. बौद्धिक दिव्यांगांच्या एका निवासी संस्थेत कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं फळवाटप. मागे बॅनर, पुढे रांगेत बसवलेली माणसं, प्रत्येकाच्या हातात एकेक सफरचंद आणि खाली ओळ: ‘मुलांच्या चेहऱ्यावर फुलले हास्य’. त्यातल्या निदान दोघांच्या मिशा पांढऱ्या होत्या. किती जणांना ते सफरचंद चावता येणार होतं, हे विचारायचं आपल्या वार्ताहराला सुचलं नसावं. अशा संस्थांमध्ये दात किडलेले, पडलेले, हिरड्या सुजलेली माणसं पुष्कळ असतात. केळी नेली असती तर खाल्ली तरी असती. पण केळी फोटोत उठून दिसत नाहीत.

त्या फोटोवर राग काढायला हे पत्र नाही. अशा संस्थांबद्दल वर्तमानपत्रात दोनच प्रकारचं छापून येतं, एक तर फळवाटप नाही तर भयंकर अत्याचार. या दोन्हींच्या मधला जो रोजचा दिवस असतो, आणि मुख्य म्हणजे रोजची रात्र, त्याबद्दल कुणी लिहीत नाही. म्हणून मी लिहिते आहे.

मी नौपाड्यात पोळीभाजी केंद्र चालवते. पहाटे कणीक भिजते ती रात्री साडेनऊला शटर खाली येईपर्यंत बसायला फुरसत नसते, त्यामुळे लिहिण्याचा सराव नाही. माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून बौद्धिक अपंगत्व आहे आणि त्याला फिट्स येतात. आता पन्नाशीला टेकलाय. आई होती तोवर तो घरीच होता. दुपारी गाळ्यात बसून भाजीच्या पिशव्यांना रबर लावून द्यायचा, आणि त्याने लावलेला रबर गिऱ्हाइकाला घरी जाऊन कात्रीने कापावा लागायचा. आई गेली, माझे गुडघे गेले, आणि बाथरूममध्ये फिट आलेल्या सत्तर किलोच्या माणसाला एकटीने बाहेर काढणं होईना. म्हणून निवासी संस्था शोधली. आधी तो नवी मुंबईत एका रो हाऊसमधल्या संस्थेत होता, आता घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला आहे. दोन्ही लहान, पंधराच्या आतबाहेर माणसं. नावं देत नाही.

शोधत होते तेव्हा एका कार्यालयात मला सांगण्यात आलं, “अहो, ठाण्यात आपलं मेंटल आहे की, तिथे ठेवा.” सांगणारा माणूस चांगल्या मनाने सांगत होता. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 सालापासून आहे आणि ते मनोरुग्णांसाठी आहे. माझा भाऊ मनोरुग्ण नाही. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर मानसिक आजाराच्या व्याख्येतून मतिमंदत्व सरळ बाहेर ठेवलंय. औषध घेऊन बरं होऊन घरी परतणं हा प्रकार त्याच्या बाबतीत नाहीच. त्याला राहायला घर हवं, आणि तेही मरेपर्यंत. नवी मुंबई महापालिकेचं वाशीला दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, तिथे लहान मुलांना शिक्षण आणि थेरपी चांगली मिळते, पण संध्याकाळी सगळे आपापल्या घरी जातात. ज्याचे आईबाप गेले आणि भावंडं साठीला आली, त्याने संध्याकाळी कुठे जायचं? मग आपण खासगी संस्थेच्या दारात उभे राहतो, आणि तिथे वेटिंग असतं.

पहिल्या संस्थेत गेलं की बघत राहावं असं होतं. ग्रॅनाइटचा ओटा, भिंतींवर रंगवलेली फुलपाखरं, हॉलमध्ये कॅमेरे. नातेवाइकांना मोबाइलवर कधीही बघता येईल अशी सोय. मी गिऱ्हाईक नसलं की बघायचे. भाऊ खुर्चीवर बसलेला दिसायचा. अर्ध्या तासाने बघावं तर त्याच खुर्चीवर. दुपारी बघावं तर खुर्ची तीच, फक्त उन्हाची तिरीप सरकलेली.

तिथलं रात्रीचं जेवण साडेसहाला असायचं, कारण स्वयंपाकाच्या बाईंना सातला निघून गाडी पकडायची असायची. त्यानंतर थेट सकाळी आठला चहा-बिस्किट. माझा धंदाच जेवणाचा आहे, म्हणून हा हिशेब मला पटकन दिसला: साडेतेरा तास. मधे रात्री नऊला फिट्सच्या गोळ्या, त्या जवळजवळ रिकाम्या पोटी. उपास पडणं, झोप मोडणं आणि गोळी चुकणं, यातलं एकही फिट यायला पुरतं, असं भावाचे डॉक्टर कित्येक वर्षं सांगत आलेत. मी संस्थेत विचारलं. उत्तर आलं, “ताई, यांना घड्याळ कुठे कळतं?” भावाला घड्याळ कळत नाही हे खरंच आहे. पण तो उशीच्या अभ्र्यात बिस्किटं लपवायला लागला होता. घरी आयुष्यात कधी त्याने तसं केलं नव्हतं.

मग तो स्वतःच्या गालावर बुक्क्या मारायला लागला. उजव्या गालावर, मूठ वळून, जोरात. रात्री ओरडायचा, शेजारच्या पलंगावरच्या माणसाला चावलासुद्धा. संस्थेने कळवलं, “त्याचं बिहेवियर बिघडलंय.” मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, त्यांनी शांत राहायची गोळी चालू केली. फरक पडला नाही म्हणून वाढवली. मग तो शांत काय, बसल्या जागी पेंगायला लागला, लाळ गळायला लागली, आणि जाग आली की पुन्हा गालावर मूठ. मी रविवारी डबा घेऊन जायचे. त्याची आवडती गूळपोळी मी खरपूस भाजते, कडा कडक होतात आणि त्याला त्या कडाच आवडतात. त्या रविवारी त्याने मधला मऊ भाग खाल्ला आणि कडा ताटलीत गोल मांडून ठेवल्या. मी त्याचं तोंड उघडायला लावलं. उजवीकडची खालची दाढ काळी, आतून पोकळ, आणि हिरडी फुगून दातावर चढलेली.

डेंटिस्टने नंतर समजावून सांगितलं. भाऊ लहानपणापासून फिट्सवरचं फेनिटॉइन घेतो. त्या औषधाने हिरड्या वाढतात, ब्रश नीट लागत नाही, मग खाली कीड शिरते. हे औषध घेणाऱ्यांचे दात कुणीतरी रोज दोनदा हाताने घासून द्यायला हवेत आणि दर सहा महिन्यांनी डेंटिस्टला दाखवायला हवेत. भूल देऊन दाढ काढावी लागली. त्यानंतर गालावर मारणं थांबलं. शांत राहायची गोळी डॉक्टरांनीच हळूहळू बंद केली.

पण मला खरं सांगायचंय ते या दाढेचं नाही. दाढ काढल्यावर मी संस्थेत गेले तेव्हा रात्रपाळीच्या मावशी ड्युटीवर येत होत्या. त्या म्हणाल्या, “मला माहीत होतं ताई. रात्री तो थंड तांब्या गालाला लावून झोपायचा. तीन आठवडे झाले होते.” मग कुणाला सांगितलं नाही का? “कोणाला सांगू? मी येते तेव्हा सर गेलेले असतात, मी जाते तेव्हा सर आलेले नसतात. नोंदींची वही दिवसवाल्यांकडे असते.”

बुद्धीचं अपंगत्व असलेली बरीच माणसं ‘दुखतंय’ असं तोंडाने सांगत नाहीत. ती मारतात, ओरडतात, जेवण ढकलतात, नाही तर एका कोपऱ्यात गप्प होतात. त्यांच्या वागण्यातला बदल म्हणजेच त्यांची तक्रार. आणि तो बदल ओळखायला आधीचं वागणं पाठ असलेलं माणूस लागतं. डॉक्टरांनी त्याला पंधरा मिनिटं पाहिलं, त्यांचा काय दोष? सोबत गेलेला मुलगा संस्थेत लागून पंधरा दिवस झाले होते. ज्या बाईला माहीत होतं ती त्या वेळी कळव्याच्या चाळीत दिवसाची झोप काढत होती. संस्थेचा दर्जा म्हणून जे काही असतं ते सगळं माझ्या मते इथे ठरतं. रात्रपाळीला कोण आहे, ते किती वर्षं टिकून आहे, आणि त्याने पाहिलेलं सकाळी कुणापर्यंत पोचतं का.

तिथे रात्री चौदा माणसांना एक मावशी होती. वॉचमन बाहेर, दाराला बाहेरून कुलूप, कारण एक मुलगा उठून रस्त्यावर जायचा. एकाला फिट आली तर मावशीने त्याला कुशीवर वळवून धरायचं, वेळ बघायची, आणि त्याच वेळी दुसरा उठून संडासात पडला तर? शॉर्टसर्किट झालं तर? मी हे विचारलं तेव्हा मला अग्निशमनाची लाल नळकांडी दाखवण्यात आली. नळकांडी होती, तारीखही ताजी होती.

आताच्या संस्थेबद्दल लिहिताना हात जरा आखडतो, कारण तिचं फार गोड वर्णन केलं तर ते खोटं होईल. इमारत जुनी आहे, पावसाळ्यात जिन्यात बादल्या लावतात. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदाच येतात. बायकांच्या बाजूच्या न्हाणीघराला कित्येक महिने कडी नव्हती, पडदाच होता, आणि ती कडी बसवून घ्यायला मला नको तितकं बोलावं लागलं. पण तिथल्या मावशींपैकी तिघी संस्था सुरू झाल्यापासून आहेत. रात्री दोघी असतात, आणि आठच्या सुमाराला दिवसवाल्या आणि रात्रवाल्या दहा मिनिटं एकत्र उभ्या राहतात. वही एकच आहे, शाळेची दोनशे पानी, प्रत्येकाच्या नावाला एक ओळ. किती खाल्लं, पाणी किती प्यायला, झोप लागली का, फिट आली का, आणि पोट साफ झालं का. शेवटच्या रकान्यावर नवीन लोक हसतात. बद्धकोष्ठ हा या माणसांचा जीव घेणारा आजार आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. औषधांनी आतडं मंदावतं, हालचाल कमी, पाणी मागता येत नाही, पोट दुखतंय हे सांगता येत नाही. मग आतडं तुंबून एकदम हॉस्पिटल. मावशी त्या रकान्यात सलग दोन दिवस फुली दिसली की तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून सरांच्या मागे लागते.

तिथे मी एक जेवण भरवणं पाहिलं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर ताबा नसलेली, तिशीची एक बाई आहे. मान स्थिर राहत नाही, घास गिळायला वेळ लागतो. मावशीने तिला खुर्चीत सरळ बसवलं, पाठीशी उशी, आणि स्वतः तिच्यासमोर स्टुलावर बसली, म्हणजे दोघींचे डोळे एका रेषेत. वरणभात चमच्याने दाबून एकजीव केलेला, पातळ नाही, घट्टसर. अर्धा चमचा. हनुवटी किंचित खाली. मग थांबायचं. गळ्याची घाटी वर जाऊन खाली येते ती बघायची, आणि मगच दुसरा चमचा. मधे ती बाई खोकली तर मावशीने चमचा ताटलीत ठेवून दिला आणि खोकला पूर्ण थांबेपर्यंत टीव्हीवर लागलेल्या मालिकेतल्या सासूला शिव्या दिल्या. ती बाई हसली. मग पुन्हा अर्धा चमचा. चाळीस मिनिटं लागली.

आता हिशेब मांडा. डोकं मागे टेकवून पटापट भरवलं तर तेच जेवण दहा मिनिटांत होतं, आणि काही घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातात. मग ताप, मग न्यूमोनिया. संस्थेत असे तीन जण असतील आणि भरवणारी एकच असेल, तर चाळीस गुणिले तीन, दोन तास. तेवढ्यात बाकी अकरा जणांचं ताट, औषध, संडास कोण बघणार? ती घाई करणारच. तिला प्रेमळपणाचं व्याख्यान देऊन उपयोग नाही. तिच्या जोडीला आणखी एक बाई द्यावी लागेल, आणि त्या बाईला पगार द्यावा लागेल.

पगाराचं मला पहिल्या संस्थेतल्या रात्रपाळीच्या मावशींनीच सांगितलं. तिथे बारा तासांच्या रात्रपाळीला महिना अकरा हजार, सुट्टी घेतली की कापून. माझ्याकडे सकाळी चार तास पोळ्या लाटणाऱ्या बाईला मी त्याच्या जवळपास देते, आणि पोळी कुणाला चावत नाही की कपडे खराब करत नाही. मग ती मावशी कशाला टिकेल? समोरच्या टॉवरमध्ये बाळ सांभाळायचे जास्त मिळतात, वर चहा आणि एसी. ती गेली की तांब्या गालाला लावून झोपणारा माणूस कोण हे माहीत असलेली व्यक्ती गेली. त्याच संस्थेला मी महिना बावीस हजार भरत होते आणि डिपॉझिट वेगळं. संस्था चालवणं स्वस्त नाही हे मला कळतं, भाडं आहे, गॅस आहे, औषधं आहेत. पण ग्रॅनाइटचा ओटा घालताना जे पैसे सुचतात ते दुसऱ्या मावशीच्या पगाराला का सुचत नाहीत? देणगीदारांचंही तेच. वाढदिवसाला केक, पितृपक्षात अन्नदान, पंचवीस जणांना पुरेल इतका गुलाबजाम. महिनाभराच्या रात्रपाळीचा पगार देतो म्हणणारा दाता मला अजून भेटला नाही. त्याचा बॅनर कुठे लावणार म्हणा.

कायदा नाही असं नाही. 2016चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सांगतो की नोंदणी प्रमाणपत्राशिवाय अशी संस्था चालवता येत नाही आणि ते प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असलं पाहिजे. वाचकांनी संस्था बघायला गेल्यावर आधी ते शोधावं, आणि मुदत वाचावी. छळ किंवा शोषण होत असल्याची माहिती कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देऊ शकतं, नातेवाईक असायची अट नाही. दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्न-पाणी नाकारणं हा याच कायद्याच्या कलम 92 खाली सहा महिने ते पाच वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे. साडेसहाचं जेवण त्या कलमात बसत नाही, हे मला माहीत आहे. तीच तर अडचण आहे.

आपल्याच भागात काय घडून गेलंय ते जुन्या वाचकांना आठवत असेल. 2010 साली शहापूर तालुक्यातल्या कवडासच्या मतिमंद मुलांच्या वसतिगृहातल्या उपासमारीच्या बातम्या आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. पाठोपाठ 2011 साली पनवेलजवळ कळंबोलीतल्या संस्थेतल्या मुलींवरचे अत्याचार उघडकीला आले, त्यात 2013 साली शिक्षा झाल्या. त्या वेळी सगळीकडे तपासण्या झाल्या. तेव्हापासून तपासणी म्हणजे गुन्हा शोधणं असं झालं. गुन्हा सापडला नाही की शेरा ‘समाधानकारक’. पहिल्या संस्थेत समाजकल्याणचे अधिकारी येऊन गेले त्या दिवशी मी तिथे होते. सकाळी साडेअकराला आले. हजेरीपत्रक, खाटांची संख्या, स्वयंपाकघर, सुट्टीच्या दिवशी घालायचे नवे कपडे घातलेली माणसं, ‘इतनी शक्ती’ गाऊन दाखवणं, चहा, सही. त्यांनी प्रत्येकाकडे बघून मान डोलावली, वाईट माणसं नव्हती. पण साडेअकरा वाजता कुठल्याही संस्थेत विशेष शिक्षक असतात, स्वयंपाकाच्या बाई असतात, सर असतात. संध्याकाळी सातनंतर यातलं कुणी नसतं, आणि त्यानंतरचे तेरा तास कागदावर कुठेच नसतात.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे: तपासणीला न कळवता आणि संध्याकाळी सातनंतर या. रात्रपाळीला किती माणसं आहेत ती डोळ्यांनी मोजा, हजेरीपत्रकावरून नको. त्यांच्याशी सर समोर नसताना बोला. या प्रत्येकाला काय आवडतं, कुणाला फिट कशी येते, कुणाची गोळी कितीला, हे त्यांना तोंडपाठ आहे का ते विचारा. दारं आतून उघडतात का बघा. फडताळ उघडून प्रत्येकाचे कपडे वेगळे आहेत की एकाच ढिगातून ज्याला येईल ते चढवतात तेही बघा. माझ्या भावाला मी दुसऱ्याच्या विजारीत पाहिलंय, नाडीने दोनदा गुंडाळून. आणि शांत राहायच्या गोळ्या कुणाला, कशासाठी, किती महिने चालू आहेत आणि त्या आधी दात, कान, पोट तपासलं होतं का, याचा एक कागद मागा.

राज्यात डिसेंबर 2022 पासून दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग आहे. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेली स्थानिक स्तर समिती 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे कायदेशीर पालक नेमते. भावाच्या पालकत्वाचं पत्र मला तिथूनच मिळालं, आणि त्या समितीत एक दिव्यांग व्यक्तीही असते. याच लोकांनी वर्षातून एकदा रात्री एका संस्थेत जाऊन बसायला काय हरकत आहे? राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र तर आपल्या खारघरलाच आहे, तिथे विशेष शिक्षक तयार होतात. मावशींना भरवणं, फिट सांभाळणं, उचलून ठेवणं शिकवायला कुठे लांब जावं लागणार नाही. शिकलेल्या दिवसाचा पगार मात्र कापू नये.

यावर संस्थाचालक म्हणतील, आणि पहिल्या संस्थेचे सर मला म्हणालेच होते, की एवढे नियम लावले तर लहान संस्था बंद पडतील आणि माणसं रस्त्यावर येतील. ही धमकी नव्हती, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मला त्यात तथ्यही वाटतं. अनुदान नसलेली संस्था फीवर आणि देणग्यांवर चालते, आणि ज्यांच्या घरी बावीस हजार नाहीत त्यांचा तर या पत्रात विचारच झालेला नाही. सरकारने रात्रपाळीच्या एका माणसाचा पगार उचलला तर निम्मा प्रश्न सुटेल असं माझं धंदेवाईक मत आहे. पण तोवर, आहे त्या पैशात आधी माणूस आणि मग ओटा, इतकं तरी करता येईल.

आम्ही नातेवाईक का बोलत नाही, हेही सांगते. पहिल्या संस्थेत मी जेवणाच्या वेळेबद्दल दुसऱ्यांदा बोलले तेव्हा अतिशय गोड आवाजात उत्तर मिळालं, “ताई, तुम्हाला पटत नसेल तर तुम्ही दुसरीकडे बघू शकता.” दुसरीकडे म्हणजे कुठे, हे दोघांनाही माहीत होतं. तिथल्या एका आजोबांचा मुलगा तिशीचा आहे. ते नेरूळहून दर शनिवारी यायचे आणि दिसेल त्या प्रत्येकाला, वॉचमनलासुद्धा, हात जोडायचे. कशाबद्दल विचारलं तर म्हणाले, “मी गेल्यावर यांनीच बघायचंय ना.” अशी माणसं तक्रार करणार नाहीत. म्हणून प्रत्येक संस्थेत नातेवाइकांची समिती असावी आणि तिने एकत्र बोलावं, म्हणजे कुणा एकाच्या माणसावर राग निघणार नाही. आमच्या आताच्या संस्थेत आम्ही सात-आठ जण दर दोन महिन्यांनी बसतो. न्हाणीघराची कडी शेवटी तशीच बसली. आता रात्रीचं जेवण आठला व्हावं म्हणून मागे लागलो आहोत, साडेसातपर्यंत आलंय.

आपल्या प्रतिनिधीला यावर काही करायचं असेल तर मी पत्ते द्यायला तयार आहे, दोन्हींचे. फक्त जाताना आधी फोन करू नका आणि फोटोसाठी कुणाला रांगेत बसवू नका. भाऊ अजून संस्थेतच राहतो, तेव्हा माझं नाव छापू नये ही विनंती.

आपली,
एक बहीण
नौपाडा, ठाणे